हाड मोडलं तर माणूस वाचायचा, कातडी फाटली की मरायचा. जोसेफ लिस्टरने हे कोडं कसं सोडवलं?

१२ ऑगस्ट १८६५. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या पोराच्या डाव्या पायावरून गाडीचं चाक गेलं. गाडी रिकामी होती म्हणून पाय चिरडला नाही. पण नडगीचं हाड मोडलं आणि त्याच्या जवळच कातडी फाटून दीडेक इंचाची जखम झाली.

आपल्याला वाटेल, हाड मोडलं ही खरी मोठी गोष्ट, जखम तर दीड इंचाचीच. त्या काळातल्या डॉक्टरांना मात्र धडकी भरायची ती त्या दीड इंचामुळे.

कारण अनुभव असा होता. पाय मोडला पण वरची कातडी शाबूत असली, तर डॉक्टर हाड जागेवर बसवायचे, फळ्या बांधायचे आणि पेशंटला पडून राहायला सांगायचे. काही आठवड्यांत हाड जुळायचं. पण मोडलेल्या हाडावरची कातडी फाटलेली असली, तर दोन-चार दिवसांत जखमेत पू व्हायचा, ताप चढायचा, पाय सडायला लागायचा. मग पाय कापायचा. तो कापल्यावरही पेशंट जगेलच असं काही नव्हतं.

हाड दोन्ही वेळा सारखंच मोडलेलं. फरक फक्त कातडीचा. जेमतेम काही मिलिमीटर जाडीची ही कातडी नेमकं काय करते, की ती असली तर माणूस वाचतो आणि फाटली तर मरतो?

जेम्सवर उपचार करणारा ३८ वर्षांचा सर्जन या प्रश्नाभोवती बरीच वर्षं घुटमळत होता. त्याचं नाव जोसेफ लिस्टर. नर्सिंगच्या पुस्तकात त्वचेची रचना एका धड्यात असते आणि जखम भरण्याचे टप्पे दुसऱ्या धड्यात. परीक्षेपुरतं दोन्ही पाठ होतं. पण या दोन धड्यांचा एकमेकांशी संबंध काय हे समजून घ्यायचं असेल, तर लिस्टरच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलं नाही.

वाइनच्या व्यापाऱ्याचं पोर आणि मायक्रोस्कोप

लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७ चा, लंडनजवळच्या अप्टन गावातला. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर वाइनचे व्यापारी होते. धंदा वाइनचा, पण नाद भिंगांचा. तेव्हाच्या मायक्रोस्कोपमध्ये वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसायची आणि चित्र फुटायचं. या गृहस्थाने फावल्या वेळात भिंगं बसवण्याची अशी पद्धत शोधली की चित्र स्वच्छ दिसायला लागलं. कॉलेजात कधी न शिकलेल्या या व्यापाऱ्याला १८३२ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्य करून घेतलं गेलं. तेव्हा घरात चांगला मायक्रोस्कोप असणं ही लिस्टरसाठी लहानपणापासूनची गोष्ट.

कुटुंब क्वेकर पंथाचं. साधे कपडे, साधं बोलणं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं तेव्हा या पंथाच्या मुलांना पदवीसाठी बंद होती, त्यामुळे लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला. तिथे दिवस सोपे गेले नाहीत. भाऊ वारला, स्वतःला देवी आल्या, आणि मग मन इतकं ढासळलं की शिक्षण मध्येच थांबवून तो काही महिने बाहेर राहिला. ताण आला की तो अडखळत बोलायचा. पुढे शेकडो विद्यार्थ्यांसमोर लेक्चर देणारा माणूस तो हाच.

तो शिकत असतानाच, डिसेंबर १८४६ मध्ये, त्याच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट लिस्टन या सर्जनने इथर देऊन एका पेशंटचा पाय कापला. भूल देऊन ऑपरेशन करता येतं हे इंग्लंडने तिथे बघितलं. आता सर्जनला घाई करायची गरज उरली नाही, पेशंटला किंचाळायची वेळ येईना. जखम सडण्याचं मात्र जे होतं ते तसंच राहिलं.

अंगावर काटा येतो म्हणजे काय होतं?

१८५३ मध्ये लिस्टरने मायक्रोस्कोपखाली बघून दोन लेख लिहिले. एक डोळ्याच्या बुबुळातल्या स्नायूंवर, दुसरा त्वचेतल्या स्नायूंवर.

त्वचेत स्नायू? हो. थंडी वाजली, भीती वाटली, एखादं गाणं काळजाला भिडलं की अंगावर काटा येतो तो या स्नायूंमुळे. केसाच्या मुळाजवळून एक बारीक स्नायू तिरका वर जातो आणि त्वचेच्या वरच्या भागाला चिकटतो. तो आखडला की केस ताठ उभा राहतो आणि भोवतीची कातडी फुगते. क्योलिकर या शास्त्रज्ञाने त्वचेत असे स्नायू असल्याचं आधी दाखवलं होतं. लिस्टरने डोक्याच्या त्वचेचे पातळ काप काढून त्यांची मांडणी तपासली.

म्हणजे ज्या माणसाने पुढे जखमेचं शास्त्र बदललं, त्याने त्वचा आतून कशी दिसते हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवलं होतं. आपणही थोडं बघून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सगळ्यात वर बाह्यत्वचा. हिच्यात रक्तवाहिन्या अजिबात नसतात. म्हणून वरचेवर ओरखडा उठला तर पांढरी रेघ दिसते, रक्त येत नाही. हिच्या तळाशी पेशींचा एक थर असतो, तिथे नव्या पेशी तयार होतात आणि हळूहळू वर सरकतात. वर जाताना त्या चपट्या होतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात आणि मरतात. साधारण चार आठवड्यांत एक पेशी तळापासून वर येऊन गळून पडते. आपण आंघोळीला घासून काढतो तो मळ बराचसा आपणच असतो. हा मेलेल्या पेशींचा थर म्हणजे शरीराची तटबंदी. पाणी आतलं आत ठेवायचं आणि जंतू बाहेरच्या बाहेर.

तिच्याखाली अंतस्त्वचा. इथे कोलॅजनचे दोर विणलेले असतात, रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतूंची टोकं, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं असतात. त्याखाली चरबीचा थर.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. केसाचं मूळ खोल अंतस्त्वचेत असतं, पण त्याच्याभोवतीचं अस्तर बाह्यत्वचेच्या जातीच्या पेशींचं असतं. त्यामुळे गुडघा खरचटून वरचा थर पूर्ण निघून गेला, तरी प्रत्येक केसाच्या मुळातून नव्या पेशी वर येतात आणि उघडी जागा झाकतात. जखम जणू शंभर ठिकाणांहून एकदम भरते आणि खूणही राहत नाही. पण भाजणं किंवा कापणं इतकं खोल असेल की केसांची मुळंच गेली, तर नवी कातडी फक्त कडेकडून आत सरकू शकते. ते काम फार हळू चालतं आणि मागे व्रण राहतो. त्या व्रणावर केस उगवत नाहीत, घामही येत नाही.

त्याच वर्षी लिस्टर एडिंबराला गेला. जेम्स साइम या नावाजलेल्या सर्जनकडे महिनाभर काम बघायचं आणि परतायचं असा बेत होता. तो तिथेच रमला. १८५६ मध्ये त्याने साइमच्या मुलीशी, ॲग्नेसशी लग्न केलं. ती दुसऱ्या चर्चची, त्यामुळे त्याला क्वेकर पंथ सोडावा लागला. लग्नानंतर हे दोघं युरोप फिरायला गेले आणि फिरता फिरता तिथली हॉस्पिटलं बघत सुटले. पुढची बरीच वर्षं ॲग्नेस घरातल्या प्रयोगांत त्याच्यासोबत असायची, नोंदी लिहून घ्यायची. त्याच्या प्रयोगांच्या वह्यांत तिच्या हस्ताक्षराची पानंच्या पानं आहेत. लिस्टरवरच्या लेखांत हिचं नाव एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

या काळात त्याचं मुख्य गिऱ्हाईक होतं बेडूक. बेडकाच्या पायाच्या बोटांमधला पडदा इतका पातळ असतो की मायक्रोस्कोपखाली आतलं वाहतं रक्त दिसतं. त्यावर गरम पाणी टाक, मोहरी लाव, आणि काय होतं ते बघ. रक्तवाहिन्या आधी आकसायच्या, मग रुंदावायच्या, रक्त संथ व्हायचं, रक्तपेशी चिकटायला लागायच्या. दाह होतो, म्हणजे जागा लाल होते, सुजते, गरम लागते, दुखते, ते आतून असं दिसतं. त्याने यावरचं काम १८५७ मध्ये रॉयल सोसायटीसमोर मांडलं.

दाह हा शरीराचा दुखापतीला दिलेला प्रतिसाद आहे, इतकं कळलं होतं. पण मग जखम सडते कशाने?

ग्लासगोचा वॉर्ड

१८६० मध्ये लिस्टर ग्लासगोला सर्जरीचा प्रोफेसर झाला आणि पुढच्या वर्षी तिथल्या रॉयल इन्फर्मरीत त्याला वॉर्ड मिळाले. इमारत नवीकोरी. तरीही पेशंट मरतच होते. हॉस्पिटल गँगरीन, कातडी लाल होत पसरत जाणारं धावरं, रक्तात भिनणारं विष. १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत त्याने हात-पाय कापण्याची ३५ ऑपरेशनं केली, त्यातले १६ जण दगावले. जवळपास निम्मे. आणि तो काही वाईट सर्जन नव्हता.

त्या काळात जखमेत पू होणं हे बरं लक्षण मानलं जायचं. घट्ट, पिवळसर पू आला की डॉक्टर खूश व्हायचे, कारण पातळ आणि घाण वासाचा पू यापेक्षा वाईट. सर्जनचा कोट रक्त आणि पुवाने कडक झालेला असायचा आणि तो अनुभवाची खूण समजला जायचा. एका पेशंटची जखम पुसलेला स्पंज जुजबी पिळून दुसऱ्याला वापरला जायचा. सडण्याचा दोष द्यायचे हवेला. वाईट हवा, कोंदट हवा, कुजका वास.

हवेचं कारण लिस्टरला पटेना. त्याचं कारण पुन्हा तेच, कातडी. मोडकी बरगडी आतल्या आत फुप्फुसात घुसली, तर फुप्फुसातली हवा तिथे पोचते, रक्त साचतं, तरी ते सडत नाही. बाहेरून भोसकलं गेलं तर सडतं. हवा तर दोन्हीकडे आहे. मग बाहेरच्या हवेसोबत असं काय आत जातं, जे फुप्फुसातून गाळून आलेल्या हवेत नसतं?

१८६५ च्या सुमारास थॉमस अँडरसन या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरने त्याचं लक्ष फ्रान्समधल्या लुई पाश्चरच्या लेखांकडे वेधलं. पाश्चरने दाखवलं होतं की दूध नासतं, वाइन आंबते ती सूक्ष्म जीवांमुळे, आणि हे जीव हवेतल्या धुळीसोबत येतात. वाइनच्या व्यापाऱ्याच्या मुलाला हे कळायला वेळ लागला नसावा. वाइन बिघडते तशीच जखम बिघडते.

पाश्चरने हे जीव मारायचे किंवा अडवायचे तीन मार्ग सांगितले होते. तापवणं, गाळणं, किंवा रसायन वापरणं. माणसाचा पाय उकळता येत नाही आणि गाळताही येत नाही. उरलं रसायन. इंग्लंडच्या कार्लाईल गावात सांडपाण्याचा वास मारायला कार्बोलिक ॲसिड वापरतात हे लिस्टरच्या वाचनात आलं होतं. डांबरापासून निघणारं, उग्र वासाचं हे रसायन त्याने मागवलं.

आता परत जेम्सच्या पायाकडे.

लिस्टरने जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजवलेली लिंटची घडी ठेवली, पाय फळ्यांमध्ये बांधला आणि चार दिवस ड्रेसिंग उघडलं नाही. चौथ्या दिवशी जेम्स दुखतंय म्हणाला. अशा वेळी दुखणं म्हणजे सडण्याची सुरुवात असायची. ड्रेसिंग काढलं, तर वास नाही, पू नाही. जखमेच्या कडेची कातडी तेवढी लाल झाली होती, ती कार्बोलिकने भाजून. मग औषध पातळ केलं, नंतर ऑलिव्ह तेलात मिसळलं. सहा आठवड्यांनी हाड जुळलं होतं आणि पोरगं दोन्ही पायांवर घरी गेलं.

आत काय चाललं होतं?

लिस्टरने जखम भरली नाही. जखम जेम्सच्या शरीरानेच भरली. लिस्टरने फक्त त्या कामात कुणी विघ्न आणू नये एवढी व्यवस्था केली. आज हे काम आपल्याला टप्प्याटप्प्याने माहीत आहे.

कातडी फाटली की पहिल्या काही मिनिटांत रक्तवाहिन्या आकसतात, प्लेटलेट्स गोळा होतात आणि फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणून रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे तात्पुरतं बूच, आणि पुढच्या बांधकामाची परातीही. मग दाह सुरू होतो. पहिल्या दिवसातच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जंतू खातात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात, मेलेला कचरा साफ करतात आणि पुढच्या पेशींना कामाला लावणारे संदेश सोडतात. नव्या जखमेभोवती थोडी लाली आणि सूज दिसते ती या कामाची. लाली पसरत चालली, दुखणं वाढत गेलं, वास आला, ताप आला तर मात्र जंतू जिंकतायत असं समजायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार, ओलसर मांस दिसायला लागतं. बारीक नव्या रक्तवाहिन्या आणि फायब्रोब्लास्ट पेशींनी विणलेलं कोलॅजन, असं ते असतं. जरा हात लागला तरी रक्त येतं. नव्या विद्यार्थ्यांना ते बघून जखम बिघडली असं वाटू शकतं, प्रत्यक्षात ती भरत असते. याच काळात जखमेच्या कडा आतून ओढल्या जातात आणि कडेच्या बाह्यत्वचेच्या पेशी या ओल्या जमिनीवरून सरपटत एकमेकींकडे निघतात. टाके घालून कडा जुळवल्या असतील तर त्यांना फार अंतर जावं लागत नाही. उघडी जखम असेल तर आठवडे लागतात.

शेवटचा टप्पा सगळ्यात लांब, कित्येक महिने ते वर्ष-दोन वर्षं. घाईत विणलेलं कोलॅजन काढून जास्त मजबूत कोलॅजन घातलं जातं. तरी व्रणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते.

लिस्टरला या पेशींची नावं माहीत नव्हती. पण त्याने एक गोष्ट टिपली. पुढच्या काही पेशंटमध्ये रक्त आणि कार्बोलिक मिळून जखमेवर घट्ट खपली झाली होती. काही दिवसांनी ती उचलून त्याने खालच्या गुठळीला टोचलं, तर तिच्यातून रक्त आलं. म्हणजे गोठलेल्या रक्तात जिवंत रक्तवाहिन्या वाढल्या होत्या. पू होऊ दिला नाही तर शरीर त्या गुठळीचंच मांस करतं, हे त्याला तिथे दिसलं. पू ही बरं होण्याची पायरी नाही, हे इथे पक्कं झालं.

मार्च ते जुलै १८६७ मध्ये त्याने द लॅन्सेट या साप्ताहिकात अकरा पेशंटची हकीकत छापली. एक जण दगावला होता. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्या बहिणीला, इझाबेलाला स्तनाचा कॅन्सर निघाला. लिस्टरने ग्लासगोच्या घरी, जेवणाच्या टेबलावर स्वतः तिचं ऑपरेशन केलं. जखम न सडता भरली. कॅन्सरने तिला गाठलंच, पण तीन वर्षांनी. भावाने बहिणीवर चाकू चालवायचा, आणि तोही अशा पद्धतीवर विसंबून जी तेव्हा अगदी नवी होती. त्या दिवसाची कल्पना करून बघा.

जंतू मारतं ते कातडीलाही जाळतं

कार्बोलिकची एक अडचण पहिल्याच पेशंटपासून दिसत होती. ते जंतूंना मारतं तसं नव्या कोवळ्या पेशींनाही मारतं. लिस्टरचे स्वतःचे हात पांढरे पडायचे, बधिर व्हायचे. जखमेच्या कडेकडून सरकत येणारी नवी कातडी कार्बोलिकच्या ड्रेसिंगखाली वाढायला तयार नव्हती.

इथे मला लिस्टर सगळ्यात जास्त आवडतो. आपल्या शोधाच्या प्रेमात पडलेला माणूस इथे थांबला असता. लिस्टर वर्षानुवर्षं ड्रेसिंग बदलत राहिला. खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची लुकण करून बघितली, लाख वापरून बघितली, मग औषध मुरवलेल्या गॉझचे आठ पदर. आणि जखमेला लागून, औषधाच्या खाली, तेल लावलेल्या रेशमाचा एक पातळ तुकडा. त्याचं काम एकच, कार्बोलिकपासून नव्या कातडीला वाचवणं. जंतूंसाठी औषध बाहेर, कातडीसाठी आडोसा आत.

पुढे १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं, की पातळ प्लास्टिकने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, वाळलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते. आजची बरीच ड्रेसिंगं या तत्त्वावर आहेत. स्वच्छ जखम सलाइनने धुवा, जळजळीत औषध किंवा फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोजच्या रोज ओतू नका, असं वॉर्डमध्ये सांगतात त्यामागे हेच आहे. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, ही आपल्या घराघरातली समजूत. झोंबतं तेव्हा नव्या पेशीही होरपळत असू शकतात.

टाक्यांच्या धाग्याचंही तसंच. तेव्हा रक्तवाहिनी रेशमाच्या धाग्याने बांधायचे आणि धाग्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवायचे. काही दिवसांनी पू होऊन धागा गळून पडायचा. लिस्टरने मेंढीच्या आतड्यापासून केलेला कॅटगट कार्बोलिकमध्ये ठेवून वापरला. १८६८ च्या अखेरीस अप्टनच्या घरी एका वासरावर प्रयोग केला. महिन्याने बघितलं तर धाग्याच्या जागी जिवंत उतींची कडी झाली होती. शरीरात विरघळणारा टाका तिथून वापरात रुळला.

ग्लासगोत १८६७ ते १८६९ या तीन वर्षांत हात-पाय कापण्याची ४० ऑपरेशनं झाली, ६ जण दगावले. हे आकडे फार लहान आहेत, यावरून मोठा निष्कर्ष काढू नये, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. पण त्याच लेखात त्याने हेही लिहिलं की त्याच्या वॉर्डाच्या भिंतीपासून काही फुटांवर कॉलऱ्याने मेलेल्यांना पुरलं होतं, आणि शवपेट्या जमिनीखाली जेमतेम काही इंचांवर होत्या. इन्फर्मरीचे कारभारी भडकले. लिस्टर तोवर एडिंबराला निघून गेला होता.

विरोधक तर बरेच होते. क्लोरोफॉर्म आणणारा जेम्स सिम्प्सन म्हणाला की कार्बोलिक वापरण्यात नवीन काही नाही, फ्रान्समध्ये आधीच वापरलंय. कुणी म्हणे, हे जंतू आम्हाला दिसत तर नाहीत. लॉसन टेट हा सर्जन म्हणायचा, स्वच्छता ठेवा, बाकी रसायनांची गरज नाही. यातला टेट अगदीच चुकीचा नव्हता. हवेतले जंतू मारायला लिस्टर ऑपरेशनच्या वेळी कार्बोलिकचा फवारा मारायचा. १८७१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काखेतलं गळू फोडायला त्याला बालमोरलला बोलावलं, तेव्हा हा फवारा थेट राणीच्या तोंडावर गेला आणि बाईसाहेब वैतागल्या. तिथेच त्याने रबरी नळीचा तुकडा रात्रभर कार्बोलिकमध्ये भिजवून जखमेतलं पाणी निघायला आत बसवला. ती नळी कामाची ठरली, फवारा नाही. हवेपेक्षा हात, हत्यारं आणि कापडातून जंतू जास्त येतात हे कळल्यावर १८८७ मध्ये त्याने फवारा सोडून दिला, आणि १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत आपण तो वापरत होतो याची लाज वाटते असं जाहीरपणे सांगितलं. हत्यारं वाफेने आधीच निर्जंतुक करायची पद्धत मग जर्मनीतून आली. लिस्टर स्वतः मात्र गाऊन किंवा मास्कच्या भानगडीत कधी पडला नाही.

जर्मनीतल्या फोल्कमानसारख्या सर्जन्सनी त्याची पद्धत लवकर उचलली. लंडन शेवटी राहिलं. म्हणून १८७७ मध्ये, पन्नाशीत, तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेला.

तिथे पोचल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, एक पेशंट आला. गुडघ्याची वाटी मोडून दोन तुकडे झालेले, आणि वरची कातडी पूर्ण शाबूत. नियम साधा होता, अशा गुडघ्याला चाकू लावायचा नाही. वाटी नीट जुळत नाही, माणूस लंगडतो, पण जगतो. लिस्टरने ती शाबूत कातडी कापली, गुडघा उघडला, दोन तुकडे चांदीच्या तारेने एकत्र शिवले आणि जखम बंद केली.

जेम्स ग्रीनलीसच्या वेळी ज्या गोष्टीची सगळ्यांना धडकी भरायची, तीच त्याने मुद्दाम घडवून आणली होती. हाड मोडलेलं आणि वर उघडी जखम. लंडनचे सर्जन संतापले, पेशंट मेला तर याच्यावर खटला भरा अशी भाषा सुरू झाली. पेशंट मेला नाही. जखमेत पू झाला नाही. गुडघा वाकायला लागला. कातडी उघडायची आणि शरीराला ती परत सुखरूप मिटू द्यायची, हे जमतं म्हटल्यावर पोट, सांधे, पुढे मेंदू आणि हृदय, सगळीकडे सर्जनला जायला वाट झाली.

उरलेलं आयुष्य मानसन्मानाचं. आधी सर, मग लॉर्ड, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद. डिसेंबर १८९२ मध्ये पाश्चरच्या सत्तराव्या वाढदिवसाला पॅरिसमध्ये दोघांची भेट झाली, पाश्चरने त्याला मिठी मारली. लिस्टरीन नावाच्या गुळण्या करायच्या औषधाला त्याचं नाव आहे, पण ते १८७९ मध्ये अमेरिकेत दुसऱ्याच माणसाने बनवलं.

१८९३ मध्ये इटलीत सुट्टीवर असताना ॲग्नेसला न्यूमोनिया झाला आणि ती तिथेच गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर त्याने प्रॅक्टिस सोडली. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मरला तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये मोठी प्रार्थनासभा झाली. दफन मात्र तिथे झालं नाही. वेस्ट हॅम्पस्टेडच्या साध्या दफनभूमीत, ॲग्नेसच्या शेजारी त्याला पुरलं.